तोडीचा डोळा

रागमालेत प्रत्येक रागाचं एक चित्र असतं. तोडी म्हणजे रानात वीणा घेऊन उभी असलेली बाई आणि तिच्याभोवती जमलेली हरणं. आमच्या रुपराव गुरुजींना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण चाळीस वर्षं त्यांनी हेच काढलं. त्यातली शेवटची अकरा वर्षं मी काढलं.

या चित्रांत चेहरा एका बाजूने दिसतो, म्हणजे डोळा एकच. तो सगळ्यात शेवटी काढायचा, आम्ही त्याला डोळा उघडणं म्हणतो, आणि जो उघडेल त्याची सही, ही आमची रीत. मी कोष्ट्याची पोर, बारीक कामाला कंटाळत नाही. रान, हरणं, साडीची किनार सगळं माझं. गुरुजी शेवटी येत, चार रेघांत बाई जिवंत करत आणि सही ठोकत. माझी तक्रार नव्हती. त्यांची रेघच तशी होती.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला. तेव्हापासून डोळाही मीच उघडते, सही मात्र त्यांची. या वेळी प्रदर्शनाआधी मी तोंड उघडलं.

"गुरुजी, एका तरी चित्रावर माझं नाव येऊ द्या."

"टाक नं तोडीवर. मी काहून नाही म्हणीन?"

मी टाकलं, खालच्या कोपऱ्यात, तांदळाएवढं. आईला सांगितलं. ती ठेवणीतली साडी नेसून सीताबर्डीच्या प्रदर्शनाला आली.

मिहानकडच्या नव्या हॉटेलचे मालक तोडीपुढेच थांबले. "बाकी ठीक आहे," ते म्हणाले, "पर ये आँख तो आपका ही हाथ है, गुरुजी."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील.

"एक हात फिरवाचा राह्यला," असं म्हणत त्यांनी प्रात्यक्षिकाच्या टेबलावरचा ब्रश उचलला. चित्राला अजून काच नव्हती. काजळाची रेघ थरथरत नाकाकडे घसरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी माझ्या नावावर गवत काढलं आणि शेजारी सही केली. रीतीप्रमाणे बरोबरच होतं.

"चाल वं," आई एवढंच म्हणाली. मला तिच्याकडे बघायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. "हॉटेलवाला उद्या नेऊन राहिला. डोया तिरपा दिसते. तू जरा नीट करून दे वं."

मनातल्या मनात शिव्या देत मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा ठेवला, दिलगिरीचा शब्द नाही. वाटलं, पुसून टाकावा डोळा, राहू दे आंधळी. पण तसली तोडी मला बघवेना. तासाभरात रेघ जागेवर आणली.

खालचं गवतही त्यांनी ओबडधोबड काढलं होतं. पात्यांमधून माझं नाव अर्धवट दिसत होतं. गवत नीट करायचं तर ते पूर्ण झाकलं जाणार होतं.

मी गवत नीट केलं.