फुफीचे दोन शब्द

जुनैदने टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं, घसा खाकरला आणि आवाज मुद्दाम जड केला.

“अस्सलाम अलैकुम अब्बा. रियाधहून तुमचा जुनैद बोलतोय. इथे रोज रात्री क्षेपणास्त्रं येतात. लोक घरात लपतात, मी गच्चीवर उभा राहून बघतो. मौत काय, एकदाच येणार.”

पडद्यापलीकडे मेथी निवडणाऱ्या बिलकिसचा, त्याच्या आत्याचा, हात थांबला. या भाच्याने रियाधच्या मलाझ वस्तीतल्या त्यांच्या इमारतीची गच्ची अजून पाहिलीही नव्हती. हल्ल्याचा पहिला भोंगा वाजला तेव्हा तो ओला टॉवेल तोंडावर धरून न्हाणीघरात बसला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काम सांगून जेद्दाला पळाला, तो कफीलने, म्हणजे त्याला नोकरीवर आणणाऱ्या अरब मालकाने, दम भरल्यावरच परतला.

आखाती युद्धाच्या त्या काळी गावात फोन नव्हता. इथल्या घराघरातून पत्रांऐवजी अशा कॅसेटी जात. गावी त्या कुणी एकट्याने ऐकत नसे. ओटीवर अर्धा मोहल्ला जमे, आणि आवडलेला भाग पुन्हा लावायला सांगे. जुनैद त्या ओटीसाठीच बोलत होता. खोतांच्या घरातला थोरला. लहानपणी विहिरीवर दुसऱ्यांनी ओढलेल्या पाण्याने आंघोळ करायचा आणि वर पाणी गार असल्याची तक्रार करायचा.

“आबिदाचं म्हणाल,” तो पुढे म्हणाला, “तर या लढाईत माझा काय भरवसा? तिला विधवा करायला माझं मन घेत नाही. शादी दोन वर्षं पुढे ढकला. पण मंगनी मोडू नका. ती थांबेल.”

मेथीची काडी बिलकिसच्या बोटांत मोडली. आबिदा आधीच तीन वर्षं थांबली होती. तिच्या बरोबरीच्या मुलींची पोरं मदरशात जाऊ लागली होती. आणि हा जेद्दात, अझीझियामध्ये, सुरैयाबाईंच्या घरी रोज जेवून आला होता. त्यांना एक मुलगी होती, आणि नवऱ्याचं मोठं वर्कशॉप. कालच सुरैयाबाईंचा फोन आला होता, “मुलगा म्हणतो, माझं कुठे ठरलेलं नाही. खरं ना?” त्यांचा विचार अजून चालू होता. तोवर आबिदाला झाकून ठेवायचं, उन्हाळ्यात पाण्याची घागर ठेवावी तसं.

जुनैदने टेप थांबवला.

“फुफी, ये ना. दोन शब्द बोल.”

प्रत्येक कॅसेटच्या शेवटी बिलकिस बोलायची. भावाला मुलाच्या बोलण्याचा नसला तरी बहिणीच्या शब्दाचा भरवसा होता.

“काय बोलू?”

“मी म्हटलं तेच. तुझ्या तोंडून आलं की अब्बा मानतील.”

“गच्चीचंसुद्धा?”

तो हसला. “गच्चीचं राहू दे.”

बिलकिसने ओढणीला हात पुसले. खिडक्यांना गॅसच्या भीतीने प्लास्टिक चिकटवलेलं. दुपारीही खोलीत मळकट उजेड होता. खरं सांगितलं, तर भाईजान याला कान धरून बोलावतील आणि आठवड्यात निकाह लावतील. आणि मग आबिदा? ती जन्मभर या टॉवेलवाल्याचं ताट वाढत बसेल.

तिने बटण दाबलं.

“भाईजान, बिलकिस बोलतेय. जुनैदचं ऐकलंत? फार मोठं मन आहे पोराचं. आबिदाची जिंदगी अडकवायची नाही म्हणतो. म्हणून सांगते, मंगनी मोडा. दोन वर्षं नको, दोन दिवसही थांबू नका. तिच्या बापाला बोलवा आणि चार लोकांसमोर सांगा की मुलीचा काही दोष नाही. दापोलीच्या त्या मास्तरांनी तिला मागणी घातली होती. त्यांना निरोप धाडा. खुदा हाफिज.”

जुनैदचा हात टेपकडे गेला, पण तिने झाकण आधीच उघडलं होतं. बिलकिसने सुरीच्या टोकाने कॅसेटच्या पाठचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडले, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येणार नव्हतं. सगळेच तसं करत. नाहीतर गावची पोरं कॅसेटीवर गाणी भरत.

दारावर थाप पडली. कामगारांच्या कॅम्पमधला, त्यांच्याच गावचा वायरमन दौलत सुट्टीवर निघाला होता. बसने जेद्दा, तिथून विमान.

“भाभी, यल्ला, चला लवकर! खाली ड्रायव्हर शिव्या देतोय.” त्याची नजर आत गेली. “अरे, जुनैदशेठ! तुम्ही आलात होय? आम्ही म्हटलं, जेद्दाच्या आघाडीवरच आहात अजून.”

“ही भाईजानच्या हातात दे,” बिलकिस म्हणाली. “आणि ओटीवर लावायला सांग. सगळे जमल्यावर.”

दौलतची पावलं जिन्यात विरली, तरी जुनैद दाराकडेच बघत होता.

“हे काय केलंस फुफी? जेद्दावाल्यांनी अजून हो म्हटलेलं नाही!”

“नाही ना?” ती पुन्हा मेथीपाशी बसली.

“मी तुझ्या सख्ख्या भावाचा मुलगा. माझ्याबद्दल असं बोलायचं?”

“तुझ्याबद्दल मी काय वाईट बोलले? सांग बघू.”

त्याने टेपचं उघडं झाकण बंद केलं. मग तो टेपरेकॉर्डरशेजारी बसला आणि तिचे शब्द एकेक करून आठवू लागला. बराच वेळ आठवत राहिला.