माझ्या चहात बुडालेल्या गोळ्या

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. एक कथा सांगतो. कथा कसली, माझ्या ताठ्याची कबुलीच आहे ती.

मी एक जुना थर्मास आहे. पोटात काच, अंगावर निळा पत्रा. माझी मालकीण नाटकात प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडखळला की हळूच पुढचं वाक्य पुरवायचं, हे तिचं काम. रोज संध्याकाळी काळा कडक चहा घेऊन मी तिच्या पायाशी उभा असे. "हा आहे म्हणून मी आहे," ती म्हणे, आणि मी फुगून जाई.

पण संध्याकाळी बसलं की तिच्या पोटऱ्यांत काहीतरी सरपटल्यासारखं होई. पाय हलवल्याशिवाय चैन नसे. घरीही झोपेचं खोबरं. मग डोळे उघडे राहावेत म्हणून आणखी चहा! डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोह फार कमी निघालं. त्यांनी दिलेल्या गोळ्या ती माझ्याच चहाबरोबर गिळू लागली.

एकदा नाटकातली आई मरते तेव्हा सभागृह स्तब्ध होतं, आणि विंगेत माझ्या मालकिणीची टाच वाजू लागली. टक टक टक. प्रेक्षक हसले.

"बाई, मी इथे मरतेय आणि तुम्ही ठेका धरताय?" पडदा पडताच नटी कडाडली.

दिग्दर्शक म्हणाले, "महिनाभर घरी बसा. आवाज थांबला तर या, नाहीतर मी दुसरं माणूस बघतो."

तिला न्यायला तिची नणंद आली होती. ती परिचारिका. मालकिणीनं डोळे पुसत गोळी तोंडाजवळ नेली, मला तिरपं केलं.

"थांब वहिनी! गोळी चहाबरोबर घेतेस?"

"मग काय, तुझ्या बडबडीबरोबर घेऊ?"

"अगं, चहा लोह नीट अंगी लागू देत नाही. वर संध्याकाळचा चहा पाय आणखी नाचवतो. डॉक्टरांना सांगितलंस किती पितेस ते?"

"चहा काय सांगायची गोष्ट आहे?"

मित्रांनो, तेव्हाच माझी काच तडकायला हवी होती. जिचा आधार म्हणून मिरवलो, तिचं औषध मीच पळवत होतो!

संध्याकाळचा चहा सोडून, गोळ्या पाण्याबरोबर घेत महिन्यानं ती परतली. पाय पुरते थांबले नव्हते, पण नमले होते. पुन्हा आई मरू लागली. दिग्दर्शकांनी गुपचूप मालकिणीच्या टाचेखाली टॉवेलची घडी सरकवली. सभागृह स्तब्धच राहिलं.

आता माझ्यात कोमट पाणी असतं. अजून तिच्या पायांकडे बघवत नाही.

एवढंच मागणं आहे. शेजारी कुणी बसल्याबसल्या पाय हलवू लागलं, तर डोळे वटारण्याआधी स्टुलावरच्या माझ्या मालकिणीला आठवा.