रुमाल वर गेला तेव्हा

बाजारच्या दिवशी ताडकळसात मुंजाजीच्या हॉटेलात बसायला जागा मिळत नसे, आणि त्याचं श्रेय मुंजाजीच्या चहाला देण्यात काही अर्थ नव्हता. चहा गुळाचा, तोही पाणचट. लोक यायचे मॅच ऐकायला. मॅच होऊन दोन महिने उलटले, रानात ज्वारी पोटऱ्यात आली, तरी ती मॅच काही शिळी होत नव्हती. आश्रुबा कोपऱ्यातल्या बाकड्यावर मांडी घालून बसे आणि पूर्णेच्या शेडवाल्यांना आपल्या गावानं कसं लोळवलं ते पहिल्यापासून सांगे. शेडवाले म्हणजे पूर्णा जंक्शनात इंजिनांवर काम करणारी माणसं. हॉटेलातल्या निम्म्या लोकांनी ती मॅच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली होती. पण डोळ्यांनी पाहिलेलं निराळं आणि आश्रुबाच्या तोंडून ऐकलेलं निराळं. आश्रुबाच्या मॅचमध्ये आपला व्यंकटी सात जणांना चुकवून जाई. खऱ्या मॅचमध्ये दोघंच होते, आणि त्यातला एक आपणहून घसरून पडला होता.

गोष्ट शेवटाला आली की आश्रुबा थांबे आणि दाराशी बसलेल्या रामकिशनकडे बघे. मग सगळं हॉटेल तिकडे बघे. रामकिशननं उठायचं, डोक्याचा पांढरा रुमाल सोडायचा आणि हात ताठ वर करायचा, त्या दिवशी केला होता तसा. रुमाल वर गेला की लोक टाळ्या पिटत आणि मुंजाजी त्याच्यापुढे फुकटचा चहा ठेवी. रामकिशन तो कप शेजारच्याकडे सरकवी. लोक म्हणत, माणूस बघा कसा निर्मोही आहे.

निर्मोही कसला, त्याच्या घशाखाली तो चहा उतरत नव्हता.

आता ही रुमालाची भानगड काय, ते सांगायला पाहिजे. आमच्याकडे फुटबॉलला जाळी नव्हती. दोन बांबू रोवले, मधे चुन्याची रेघ मारली की झाला गोल. चेंडू बांबूंच्या आतून गेला की बाहेरून, यावर पहिल्या वर्षी इतकी डोकी फुटली की त्या दिवशी गावात हळद कमी पडली. तेव्हा पूर्णेच्या गोलकीपरनं, करीमखाँनं, एक कायदा काढला. प्रत्येक गोलच्या खांबाबाहेर समोरच्या गावचा एक माणूस उभा राहील. चेंडू आत गेलेला दिसला तर त्यानं रुमाल वर करायचा. पण तेवढ्यानं गोल होणार नाही. पंच गोलकीपरला विचारणार, आणि तोही ‘गोल’ म्हणाला तरच गोल. दोघांचं जुळलं नाही तर चेंडू पुन्हा मधे आणून उडवायचा. दोन वैरी एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरीच असणार, असा करीमखाँचा विचार होता, आणि तो कधी खोटा ठरला नाही. आपला नवा गोलकीपर सोडला तर सगळ्यांनी खरंच सांगितलं, आणि त्या गोलकीपरलाही आम्हीच दुसऱ्या वर्षी काढून टाकलं.

हा करीमखाँ इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन. मराठी आपल्यासारखीच बोले, फक्त शिव्या आणि आकडे दख्खनीत. निजामाच्या अमलात ताडकळसच्या पोरांना चेंडू शिकवला तो त्यानंच, सुटीच्या दिवशी सायकल हाणत येऊन. रामकिशन त्याचा पहिला चेला, त्याला उस्ताद म्हणायचा. पुढं रामकिशनचा गुडघा मोडला, खेळ सुटला, आणि तो रुमाल घेऊन खांबापाशी उभा राहू लागला. गावानं त्यालाच निवडलं, कारण रामकिशन खोटं बोलत नाही हे साऱ्यांना ठाऊक होतं.

ते तितकंसं खरं नव्हतं. रामकिशन एकदा खोटं बोलला होता.

अठ्ठेचाळीस साली बोलला होता. आधी वर्षभर रझाकारांनी लोकांचे हाल केले. मग भाद्रपदात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं अशा मुसलमानांवर पाळी आली. राग आंधळा असतो म्हणतात. आंधळा कसला, त्याला दुबळी घरं बरोबर दिसतात. करीमखाँ ज्वारीच्या रानांतून लपतछपत, सकाळच्या प्रहरी रामकिशनच्या दारी आला. रामकिशननं त्याला बळदात उतरवलं. बळद म्हणजे भिंतीआडची धान्याची कोंदट खोली, वरून माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. बायकोनं, वच्छलाबाईनं, वरून भाकरी सोडली आणि तोंडावर सूप झाकलं. दुपारी घोळका आला. हातात कुऱ्हाडी होत्या आणि चार-दोन चेहरे ओळखीचे होते. आत कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. रामकिशन उंबऱ्यात उभा राहिला. पोखर्णीच्या नरसिंहाचा अंगारा कपाळाला होता, त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “नरसिंहाची आण. आत कुणी न्हाई.”

रामकिशनची आण म्हटल्यावर घोळका गेला. करीमखाँ तीन दिवसांनी बळदातून निघाला तेव्हा त्याच्या भुवयांवर भुसा होता. त्यानं रामकिशनच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गेला. पुढं सात वर्षं दोघांनी त्या दिवसाचं नाव काढलं नाही. भेट झाली की करीमखाँ आधी गुडघ्याची चौकशी करी, बस्स. खोट्या आणेचं रामकिशनला कधी भय वाटलं नाही. उलट पोखर्णीला दर्शनाला गेला की तो देवापुढे जरा ताठच उभा राहायचा. आपल्या हातून जन्मात एक तरी चांगलं काम झालं, असं त्याला वाटे.

पंचावन्न सालचा दसरा झाला आणि मॅच पूर्णेच्या माळावर ठरली. त्याआधी आठ वेळा आपण हरलो होतो. खेळ कधी संपवायचा ते घड्याळावर नसे. संध्याकाळची गाडी स्टेशनात शिरताना शिट्टी देई, ती शिट्टी म्हणजे शेवट. त्या दिवशी नेमका गाडीला उशीर झाला. एकास एक अशी बरोबरी, दिवस कललेला, पोरांच्या पायांत गोळे आलेले, आणि शिट्टी काही होईना. पंच दिनकरराव रेल्वेतले कारकून, देहानं असे भरलेले की मैदानाच्या मधोमध उभे राहत आणि तिथूनच सगळं बघत. तेवढ्यात व्यंकटीला चेंडू सापडला. दोघांना चुकवून तो पुढं सरकला आणि त्यानं अनवाणी पायानं चेंडू हाणला.

धुरळा उठला. करीमखाँनं अंग टाकलं. रामकिशन खांबाच्या बाहेर हातभर अंतरावर उभा होता, आणि चेंडू त्याच्या मोडक्या गुडघ्यावर येऊन आदळला.

आता चेंडू आतून गेला असता तर त्याला लागलाच नसता. डोळ्यांची चूक होऊ शकते, इथं तर गुडघ्यानं साक्ष दिली होती. पण मागून ताडकळसची सारी माणसं ओरडली, आठ वर्षांचं एकदम ओरडली, आणि रामकिशननं बघितलं तर त्याचा हात वर होता आणि हातात रुमाल होता.

करीमखाँ जमिनीवरच होता. त्यानं आधी रामकिशनच्या धोतरावर उठलेला मातीचा गोल ठसा बघितला, मग रुमाल बघितला, मग तोंडाकडे बघितलं. दिनकरराव धापा टाकत आले आणि त्यांनी कायद्याप्रमाणे विचारलं. करीमखाँ उठला, तळहात झटकले.

“गोल,” तो म्हणाला.

आणि मग गाडीनं शिट्टी दिली.

व्यंकटीला खांद्यावर घेऊन लोक गावापर्यंत नाचत आले. रामकिशन मागून बैलगाडीत आला, गुडघा सुजला म्हणून. घरी वच्छलाबाईनं धोतर धुवायला घेताना डाग बघितला आणि विचारलं, तुम्ही उभे कुठं होता? खांबाबाहेर, तो म्हणाला. अख्खं गाव दारावरून ओरडत चाललं होतं, तिला कळायचं ते कळलं. डाग एका पाण्यात निघाला.

तेव्हापासून रामकिशनचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. कुठंही दोन उभ्या गोष्टी दिसल्या, गोठ्याच्या मेढी म्हणा, देवळाच्या दाराचे खांब म्हणा, की त्यांच्या मधे जमिनीवर कुणीतरी पडून आपल्याकडे बघतंय असं त्याला वाटे. भर दुपारी घरात एकटा असला की बळदातून श्वासाचा आवाज येई. नवी ज्वारी यायच्या आधी बळद झाडायला वच्छलाबाई वर चढली, तर हा खालून म्हणाला, तोंडावर सूप ठेवू नको, उघडंच राहू दे. पोखर्णीला जायचं त्यानं टाळलं. आणि एक प्रश्न त्याला आतून कुरतडत राहिला. त्या जागी गोलकीपर दुसरा कुणी असता, तर माझा हात वर गेला असता का? हा माणूस आपल्याला नाही म्हणू शकणार नाही, हे माझ्या हाताला आधीच माहीत होतं का?

पाचव्या बाजारी बातमी आली की करीमखाँनं बदली मागून घेतली. शेडवाल्यांनी त्याला टाकलं होतं. ताडकळसच्या शागिर्दांना मॅच विकली, असं त्याच्या तोंडावर बोलत होते, त्याच्याबरोबर कुणी डबा उघडत नव्हतं. रामकिशन दुसऱ्याच दिवशी पूर्णेला गेला.

करीमखाँच्या खोलीत सामान बांधून झालं होतं. तो उकिडवा बसून वळकटीला दोरी आवळत होता. रामकिशन दारातच उभा राहिला आणि वाटेत जुळवलेलं सगळं विसरून एकदम म्हणाला, “उस्ताद, चेंडू भाईरून गेलता.”

“ठावं हाय. मी तुझ्यापेक्षा जवळून बघितला.”

“मग न्हाई का म्हणला न्हाईत?”

करीमखाँनं दोरीला पीळ दिला. “त्या साली मी आत व्हतो. तू म्हणला, आत कुणी न्हाई. औंदा चेंडू भाईर व्हता. मी म्हणलो, आत गेला.” त्यानं गाठ मारली. “बराबर झालं, रामकिशन. आता तुझं माझ्यावर काही न्हाई.”

रामकिशन म्हणाला, “मी ते मागायला रुमाल वर केला न्हवता.”

तेव्हा करीमखाँनं मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. रागानं नाही, खरोखरच उत्तर पाहिजे असल्यासारखं.

“मग कशापायी केलतास?”

सात वर्षांत जे दोघांच्या मधे न बोलता होतं, ते उपकार नव्हतं की देणं नव्हतं, त्याला नावच नव्हतं. त्याचं आज देणं झालं आणि ते फिटलंही. जन्मात पुण्याचं म्हणून एकच खोटं बोललो, आणि ते एका चेंडूवर उधळलं, हे रामकिशनला दारात उभ्या उभ्या कळलं. करीमखाँनं वळकटी उचलून ट्रंकेवर ठेवली. मग रामकिशनला पाणी विचारलं, बस म्हटलं, वाट चांगली आहे ना तेही विचारलं. गुडघ्याची चौकशी केली नाही.

त्यानंतर दोन बाजार रामकिशन हॉटेलाकडे फिरकला नाही. आठव्या बाजारी आश्रुबा घरी येऊन त्याला ओढूनच घेऊन गेला. हॉटेल गच्च भरलं होतं. पोर सात जणांना चुकवून गेलं, धुरळा उठला, आश्रुबा थांबला, आणि साऱ्या माना दाराकडे वळल्या.

रामकिशन उठला. रुमालाला हात न लावता तो म्हणाला, “चेंडू भाईरून गेला व्हता. माझ्या गुडघ्याला लागला.”

कुणीतरी हसलं आणि सगळं हॉटेल हसलं. बघा, म्हणे, आता आपल्यालाच बनवायलाय. तो हसत नाही हे दिसल्यावर मात्र आश्रुबा बाकड्यावरून खाली उतरला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीनं बोलला.

“तू एखाद्या वक्ताला चुकशील, बाबा. धुरळा व्हता. पर खुद्द करीमखाँ गोल म्हणला का न्हाई? आपल्याच अंगावर गोल घेऊन म्हणला. त्यो माणूस जलमात कधी खोटं बोलला का?”

कधीच नाही, असं चारी बाजूंनी लोक म्हणाले. शेडवाले पडले हलकट, त्यांना माणसाची पारख नाही, असंही म्हणाले. आपल्या गावात करीमखाँचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं मुंजाजीनं चुलीजवळूनच सांगितलं.

रामकिशन ते ऐकत उभा राहिला. पूर्णेत त्या माणसाचं नाव मातीत गेलं होतं. ते धड उरलं होतं फक्त इथं, या पाणचट चहाच्या हॉटेलात. आपलं खरं शाबीत करायचं तर त्याचा शब्द इथंही मोडावा लागणार होता. पुन्हा बळदाच्या तोंडावर सूप होतं, दारात घोळका होता, आणि आत कुणी आहे का म्हणून लोक विचारत होते.

“न्हाई,” रामकिशन म्हणाला. “करीमखाँ खोटं बोलायचा न्हाई.”

त्यानं डोक्याचा रुमाल सोडला आणि हात ताठ वर केला. टाळ्या पडल्या. मुंजाजीनं चहा आणून ठेवला. गुडघा ठणकत होता, आणि पुढच्या बाजारीही उठावं लागणार होतं, त्याच्या पुढच्याही.