रखमाबाईचा अंगठा

“तुम्हीच बोललेलात, अपडेट करायचं नाही! तुमचाच माणूस होता फोनवर. आता मेलेल्या बाईचा अंगठा माझ्या गळ्यात बांधू नका!”

मंजुऱ्यांचं काम बघणारी हेमांगी एवढ्या जोरात ओरडली, की कोपरच्या त्या डायलिसिस केंद्रातल्या बाकावरचे पेशंट एकदम गप्प झाले. फोनच्या पलीकडे होता सरकारी योजनेच्या वरच्या कार्यालयातला मदत कक्ष. तिथल्या आवाजाला नाव नसतं. आज एक, उद्या दुसरा, आणि लेखी मागितलं की तिसरा.

“मॅडम, असं आम्ही कुणालाच सांगत नाही. लेखी आहे का तुमच्याकडे?”

“लेखी तुम्ही कधी देता?”

“मग तुमच्या लॉगिनची जबाबदारी तुमची. चौकशी लागेल.” फोन कट.

झालं होतं ते असं. त्या सकाळी हेमांगीने संगणक उघडला, तर काल रखमाबाईचं डायलिसिस झालेलं दिसत होतं. अंगठा जुळला, मंजुरी मिळाली, सगळं हिरवंगार. आणि रखमाबाई तर दिवाळीआधीच गेलेली. तिच्या मयतीला हेमांगी स्वतः कळव्याला जाऊन आली होती.

अंगावर काटा आला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीने. अंगठा पहिल्या झटक्यात जुळला होता. रखमाबाईचा जन्म मिठागरात गेला होता, मिठाने तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या होत्या. जिवंतपणी काचेवर तिचा अंगठा एकदाही पहिल्या झटक्यात लागला नव्हता. हेमांगी ओल्या फडक्याने तो पुसायची, फुंकर मारायची, काचेवर दाबायची, पुन्हा दाबायची.

“दाब गो बाय, अजून दाब. मना काय दुखत नाय,” रखमाबाई म्हणायची. “रेघा मिठाला इचार, कुठं ठेवल्यात त्या.”

मदत कक्षातल्या कुठल्याशा आवाजानेच मग उपाय सांगितला होता. एका चौकटीत खूण करा, अंगठा संगणकात जपून राहील, रोज घासायला नको. म्हातारीचे हाल वाचले. मग बाकीच्यांचेही वाचावेत म्हणून हेमांगीने सगळ्यांचेच अंगठे जपले.

अंगठा घेणारं प्लगइन म्हणजे ब्राउझरला मागून चिकटवलेला एक जुनापुराणा प्रोग्राम. नव्या ब्राउझरांनी असल्या प्लगइनांना केव्हाच घराबाहेर काढलेलं. वरच्या कार्यालयाला नवीन काही बनवायचं नव्हतं. म्हणून केंद्रातल्या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर ब्राउझरच जुना ठेवलेला, अपडेट बंद. रोज सकाळी पडद्यावर लाल पट्टी यायची, हे प्लगइन जुनं आहे, धोक्याचं आहे. रोज सकाळी हेमांगी ‘चालू द्या’वर टिचकी मारायची. एकदा तिने घाबरून विचारलंही होतं. तेव्हा फोनवरचा आवाज हसला होता. “मॅडम, लिनक्स आहे ते. लिनक्सला व्हायरस लागतो का कधी?”

केंद्राने ते देववाक्य मानलं. दसऱ्याला त्या संगणकाला झेंडूची माळ पडली, विनिता सिस्टरने हळदकुंकूही वाहिलं.

आता त्याच संगणकासमोर डोंबिवलीहून बोलावलेला आनंद बसला होता. संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान होतं त्याचं. बराच वेळ तो एकेक फाइल उघडून बघत होता. मग मान वर न करता म्हणाला, “ताई, लिनक्सचा दरवाजा मजबूत असतो, मान्य. पण तुम्ही लोकांनी खिडकी इतकी वर्षं सताड उघडी ठेवली आणि दरवाज्याला माळ घातली.”

“म्हणजे?”

“या जुन्या प्लगइनमधून कोणतरी आत घुसलाय. जपलेले अंगठे उचललेत. तुमच्या नावाने पेशंट यंत्रावर लावल्याचं दाखवतोय, पैसे तिकडे कुठेतरी जात असतील. आत्तापण इथून काहीतरी बाहेर चाललंय.”

“पासवर्ड बदलते मी.”

“पासवर्ड बदलाल. अंगठे कुठून बदलाल?”

हेमांगीला एकदम आपल्याच अंगठ्याकडे बघवेना.

“नेटची वायर काढा, ताई. आत्ताच्या आत्ता.”

वायर काढायला हात पुरे होता. पण वायर निघाली की मंजुऱ्या बंद, आणि मंजुरी नाही तर डायलिसिस नाही. बाकावर मारुतीकाका बसले होते. मागची पाळी ‘सर्व्हर डाऊन’मध्ये बुडाली होती. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. प्रत्येक श्वासाला आतून चिखलातून पाय काढल्यासारखा आवाज येत होता.

“काय गो पोरी, व्हईल ना माझा आज? रातभर बसून हाय मी. आडवा झालो का दम कोंडते.”

“होईल काका. जरा थांबा.”

“थांबतो. जातो कुठं? पायांत चप्पल शिरत नाय.”

तिने ठाण्याला हरिहर सरांना फोन लावला. केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टचे व्यवस्थापक. पुण्याच्या भाषेत बोलायचे आणि कधी आवाज चढवायचे नाहीत.

“हे पाहा हेमांगीबाई, मंजुरीशिवाय एकही रुग्ण यंत्रावर घ्यायचा नाही. आणि ती वायर राहू द्या. आजचे रुग्ण उरकून घ्या. एका दिवसाने काय बिघडणार आहे?”

“सर, अंगठे चोरीला चाललेत.”

“ते आपण लेखी कळवू.”

आनंद तिच्याकडे बघत होता. मारुतीकाकांचा श्वास सगळ्या खोलीला ऐकू येत होता. शेवटी तिने खालच्या आवाजात म्हटलं, “एकच. काकांचा घेते आणि काढते.” आनंदने तोंड फिरवलं.

लाल पट्टी आली. तिने ‘चालू द्या’ दाबलं. मारुतीकाकांचं नाव उघडलं.

पडद्यावर हिरवी अक्षरं होती. ‘या रुग्णाची आजची मंजुरी घेतली गेली आहे.’

तिने पुन्हा पाहिलं. काकांचा अंगठा त्यांच्या आधीच येऊन गेला होता.

“काय झाला गो?”

“काका...” तिला हसू की रडू कळेना. “यांच्या हिशेबी तुमचं डायलिसिस झालंय.”

मारुतीकाकांनी सुजलेले डोळे ताणून पडद्याकडे पाहिलं. “झालाय? मंग मना कसा नाय कलला?”

बाकावर कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच ओशाळलं. हेमांगीने वाकून वायर अशी हिसडली, की माळेतली सुकलेले झेंडू टेबलावर सांडले.

“विनिता, काकांना घे आत.”

“मंजुरी?”

“नाही.”

“अगं, येडी झालीस? नोकरी जाईल!”

“जाऊ दे. माझ्या नावावर घे. नाहीतरी माझ्या नावावर मेलेली माणसं येतायत. एक जिवंत येऊ दे.”

विनिताने हातातला ट्रे खाली ठेवला. मग तिने काकांच्या काखेत हात घातला आणि त्यांना आत नेलं. थोड्या वेळाने पडद्यामागून यंत्राची घरघर सुरू झाली. हेमांगी ऐकत राहिली. काकांच्या श्वासाचा आवाज त्या घरघरीखाली हळूहळू बुडत गेला.

खिडकीच्या खिळ्याला रखमाबाईचा अंगठा पुसायचं फडकं तसंच होतं. वाळून पापडासारखं कडक झालेलं. हेमांगीने ते काढलं, नळाखाली भिजवलं, पिळलं आणि अंगठा घ्यायची काच पुसायला लागली. काचेवर सगळ्यांच्या बोटांचे डाग होते. त्यात रखमाबाईचा कुठला, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

फोन वाजला. वरचं कार्यालय. आवाज नवा होता.

“मॅडम, तुमचा संगणक ऑफलाइन दिसतोय. कोणाच्या परवानगीने बंद केलात?”

हेमांगीने फडकं खाली ठेवलं.

“वायर निघालेली तुम्हाला लगेच दिसली?”

“सिस्टममध्ये दिसतं सगळं.”

“सगळं दिसतं ना? मग लिहून घ्या. वायर हेमांगीने काढली. मंजुरी नसताना पेशंट हेमांगीने लावला. माझं झालं. आता तुमचं सांगा. जिचा अंगठा जिवंतपणी तुम्हाला ओळखता आला नाही, ती रखमाबाई काल सरणावरून उठून कुठल्या केंद्रात आली? पहिल्याच झटक्यात तिला आत कुणी घेतलं?”

हेमांगीने वही पुढे ओढली आणि पेन उघडलं.

“फोन ठेवू नका. मी थांबलेय. बोला.”