एसीवाला पिकप

टमाटे वाहायच्या पिकपला एसी घेतला तेव्हा आमच्या वरवे गावात माझी चांगलीच थट्टा झाली. "काय रं धनाजी, टमाट्याला उकडतंय व्हय?" असं पारावरची मंडळी विचारायची. मी वरवर हसायचो आणि आतून चिडायचो. माझ्या आईला, ठकुबाईला, गाडी लागते. एसटी असो नाहीतर जीप, नसरापूर यायच्या आत तिचं पोट ढवळतं. काचा लावून एसी सोडला की मात्र ती खुशाल बसते, हे एका पाहुण्याच्या गाडीत कळलं होतं. तेव्हा निमित्त टमाट्याचं, एसी आईचा.

वेल्ह्यात सगुणामावशीच्या नातीचा साखरपुडा होता. मावशी आईची थोरली बहीण. तिला गुडघ्यांमुळे घर सोडवत नाही, आईला गाडीत बसवत नाही. कित्येक वर्षं दोघी बहिणी फक्त मोबाईलवर भेटत होत्या. आता भेट ठरली, आईनं नवी चोळी शिवून घेतली, आणि साखरपुड्याच्या आदल्या सकाळी एसी लावताच गाडी घरघरायला लागली.

मी तडक कापूरहोळला कुंडलिकच्या गॅरेजात गेलो. त्यानं बॉनेट उघडलं.

"लाव एसी."

टक्क झालं आणि घर्रर्र सुरू.

"बंद कर."

आवाज गायब.

"कॉम्प्रेसर गेला," मी म्हणालो. ही माझी खोडच आहे, डॉक्टरच्या आधी रोग मीच सांगतो.

"गेला आसंल तर नवा पुण्यास्नं आणावा लागंल. उद्यापातूर काय येत न्हाई. आन आसाच दामटलास तर जाम हुईल, पट्टा तुटंल, वेल्ह्याच्या वाटंवर बसशील बोंबलत."

आईला काय सांगायचं?

कुंडलिकनं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकत राहिला. "ह्येच्या पोटात कायबी न्हाई. बेरिंग गुमान फिरतंय." मग एकेका पाइपावर हात ठेवत गेला आणि एकावर थांबला. "ह्यो बग, कसा थरथरतुय." त्या पाइपामागं हात घातला, तर तांबड्या फडक्यात बांधलेला नारळ! सुतळीनं इतका आवळून बांधला होता की पाइप ओढला जाऊन शेजारच्या लोखंडी पट्टीवर आपटत होता. कुंडलिकनं पाइप हातानं जरा मागं रेटला. घरघर थांबली. सोडला, की पुन्हा सुरू.

मी सुतळीला हात घातला, तसं त्यानं माझं मनगट धरलं. "नवसाचा दिसतुय. ज्येनं बांधला त्येनंच सोडायचा. माज्या दारात उगा नको."

"आरं, गाडी माझी हाय!"

"गाडी तुजी. नवस कुणाचा?"

मी आईला फोन लावला. "म्या कशाला बांधू?" आई म्हणाली. "त्या गाडीचं तोंड कुटनं उघडतं ते बी मला ठावं न्हाई." तेवढ्यात मागून माझ्या बायकोचा, वैष्णवीचा, आवाज आला. "म्या बांधलाय."

थोड्या वेळानं वैष्णवी स्कूटीवरून आली, मागं आई. स्कूटीवर आईला मळमळत नाही, पण कंबर धरते. कापूरहोळपर्यंत आली तीच शर्थ. मी आधीच तापलो होतो. आमच्या घरात या दोघींचं आमटीतल्या मिठावरनंसुद्धा वाजतं, त्यात हे नवं.

"मेंगाईदेवीला नवस बोलले हुते," वैष्णवी खाली बघत म्हणाली. "आत्याबाईंना वांती न होता मावशींच्या दारात पोचू दे, नारळ वाहीन."

"मग पाइपाला कशाला बांधायचा?"

"तुमीच म्हनता न्हवं, समदी करामत एसीची? म्या एसी लावून बॉनेटमदी हात लावून बगितला. ज्यो पाइप गार लागला, त्येला बांधला."

कुंडलिक पोट धरून हसला. मलाही हसू आवरेना. राग आणू म्हटलं तरी येईना.

"बरं, आता सोड."

"आत्याबाई पोचल्याबिगर कसा सोडू? तसं बोललीया म्या."

झाली पंचाईत. नारळ सोडल्याशिवाय आई पोचणार नाही, आणि आई पोचल्याशिवाय नारळ सुटणार नाही. आम्ही तिघंही आईकडं बघायला लागलो. ती मघापासून बॉनेटमध्ये वाकून त्या तांबड्या फडक्याकडं बघत होती.

"माज्यासाठी बोललीस?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मंग देवीला काय सांगायचं ते म्या सांगते. वांती हुंदे न्हाईतर न हुंदे, तुजा नारळ म्या माज्या हातानं वाहीन. सोड तू."

वैष्णवीनं नारळाला हात लावून नमस्कार केला आणि सुतळी सोडली. कुंडलिकनं पाइप जागेवर बसवून पट्टी आवळली. एसी लावला, तर फक्त गार वारं. माझा जीव भांड्यात पडला.

आई मात्र जागची हलेना. "उद्या तू बी चल," ती वैष्णवीला म्हणाली.

"म्या कशी येऊ? गुरांचं कोन बघंल?"

"शेजारचा गेनबा बघंल. तू न्हाई तर म्या बी न्हाई."

"आत्याबाई, आसं काय करता?"

"आगं, इतकी वरसं सगुणीला फोनवर तुज्या कागाळ्याच सांगत आले," आई म्हणाली. "आता दुसरं काय सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाई. तू म्होरं पायजेस."

वैष्णवीनं ओढणी डोळ्यांना लावली. कुंडलिकच्या मदतीनं मी स्कूटी मागं हौद्यात चढवली. मी केबिनचं दार उघडलं आणि आधी वैष्णवीला आत बसवलं, म्हणजे आईला खिडकी मिळेल.