माझ्या छतावरचा गोल डाग

मित्रांनो, मला जुनी म्हणावे की नवी, हेच आता मला कळेनासे झाले आहे. माझा रंग नवा, खुर्च्या नव्या, इंजिनही बरेचसे नवे. जन्म मात्र त्या काळातला, जेव्हा मोटारीचे मागचे दिवे बघून लोक तिचे साल ओळखत. मी दोन दारांची, लांब नाकाची, पळायला आतुर अशी मोटार आहे. टॅनेजर माझे नाव. टॅनेजर हा लालभडक पक्षी, आणि कारखान्याने मला रंग दिला मोहरीचा! हा माझ्या आयुष्यातला पहिला धक्का. पुढे इतके बसले की खरे तर सवय व्हायला हवी होती. ती झाली नाही.

मिशिगनमधल्या बे सिटीत मी विक्रीला आले, तेव्हा दुकानाच्या काचांना आतून कागद चिकटवले होते. नव्या सालाच्या गाड्या ठरलेल्या दिवसाआधी कोणी पाहू नयेत, अशी तेव्हाची रीत होती. त्या दिवशी कागद फाडले आणि गर्दी आत घुसली. तिच्यात नॉर्बर्ट जाब्लोन्स्की होता, पिस्टनच्या कारखान्यातला तरुण कामगार. सोबत त्याची नवी नवरी लोरेटा.

"दोनच दारं?" लोरेटा म्हणाली. "उद्या मूल झालं की त्याला काय खिडकीतून आत टाकायचं?"

"आधी होऊ तर दे."

"म्हणजे गाडी आधी आणि मूल मग. कळलं हो नॉर्ब, तुझं सगळं कळलं मला."

पण माझ्यात आधी बसली तीच. त्या काळी बायका डोक्यावर केसांचा उंच मनोरा रचत आणि तो ढासळू नये म्हणून त्यावर चिकट फवारा मारत. लोरेटाचा मनोरा थेट माझ्या छताला टेकला. मान वाकवून बसणाऱ्यांतली ती नव्हती. थोड्याच दिवसांत छताच्या पांढऱ्या अस्तरावर, तिच्या डोक्याच्या बरोबर वर, एक गोल पिवळट डाग पडला. मला त्याची फार लाज वाटे. दुसरी गाडी शेजारी उभी राहिली की वाटे, हिला दिसत तर नसेल?

वर्ष सरले आणि त्याच दुकानाच्या काचांना पुन्हा कागद लागले. मला काय ठाऊक कशासाठी! कागद फाटले आणि आतून निघाली नवी टॅनेजर, माझ्यापेक्षा रुंद, डोळे मोठे, कमरेवर पट्टा. मी जेमतेम वर्षाची पोर, आणि रस्त्यावरचे लोक मला 'मागची' म्हणू लागले. नॉर्बर्टच्या शेजाऱ्याने, चेटने, ती लगेच घेतली. मग नॉर्बर्टही चुळबुळू लागला. मला देऊन नवी घ्यावी असे त्याच्या मनात आले. माझ्या तोंडचे पाणी पळाले.

ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस होते. शुक्रवारी सारी वस्ती चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे खायला जमते. तिथे पोचेपर्यंत वाटभर नॉर्बर्ट चेटच्या गाडीचे गुण गात होता. मी चर्चच्या अंगणात थांबले आणि लोरेटाचा संयम सुटला.

"आणि माझंही नवं मॉडेल आलं की मला पण बदलून आणशील, काय रे?" असे म्हणून तिने दार असे भिरकावले, की ते झेंड्याच्या लोखंडी खांबावर जाऊन आदळले. धाडकन! दारात वाटीएवढा खड्डा पडला. मासे घेऊन उभी असलेली माणसे जागच्या जागी थिजली. मी तर हादरलेच.

नॉर्बर्टने खड्ड्यावर हात फिरवला. सगळ्यांना वाटले, आता हा भडकणार. तो मोठ्याने हसला. म्हणाला, "आता ही कोण घेणार बदल्यात? जिंकलीस बाई." तो खड्डा त्याने कधीच दुरुस्त केला नाही. कोणी विचारले तर सांगे, "तो बुजवला तर मी गाडी बदलायला पुन्हा मोकळा होईन." मित्रांनो, मी अब्रूला जपणारी गाडी. पण त्या खड्ड्यामुळे माझे घर टिकले, हे मी मनोमन मान्य केले.

त्यांना मुलगी झाली, जनीन. पुढची खुर्ची दुमडून तिला मागे बसवताना लोरेटा रोज माझ्या दोन दारांचा उद्धार करी. मग पेट्रोलची टंचाई आली. पंपांवर रांगा लागल्या आणि पेट्रोल पिणाऱ्या माझ्यासारख्यांकडे लोक पापी असल्यासारखे बघू लागले. नॉर्बर्टने कामावर जायला एक चिमुकली गाडी घेतली. मी रविवारची झाले, आणि म्हणूनच वाचले.

त्या रविवारांत मी काय काय पाहिले! उन्हाळ्यात नदीकाठच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. मालक घडीच्या खुर्च्या टाकून आपापल्या गाडीमागे बसतात आणि दिवसभर बढाया मारतात. तिथे मला माझे वंशज भेटत गेले. टंचाईनंतरची टॅनेजर इतकी आक्रसली होती की मला ती आजारी वाटली. तिच्यानंतरचीला नाक प्लॅस्टिकचे. पुढे पुढे त्या पुन्हा धिप्पाड झाल्या, मला बरे वाटले. पण एकदा एक झकपक नात माझ्याशेजारी गुरगुरत येऊन थांबली, आणि चेट म्हणाला, "नॉर्ब, हा आवाज इंजिनाचा नाही बरं का. आत स्पीकर बसवलाय."

"चल, काहीतरीच!"

"आईशप्पथ. इंजिन गप्प, आणि स्पीकर डरकाळ्या फोडतोय."

नॉर्बर्टने कपाळावर हात मारला. माझ्या अंगावर तर काटाच आला. पण खरा कहर पुढे होता. सगळ्यात धाकटी टॅनेजर आली ती विजेवर चालणारी, उंच, आणि तिला चार दारे! नाव माझे, चार दारे! लोरेटा खुर्चीतच खो खो हसत सुटली. "पन्नास वर्षांनी का होईना, कारखान्याला अक्कल आली," ती म्हणाली. तोवर तिचे केस पिकून आखूड झाले होते, आणि ती माझ्यात बसली की डोके छताला टेकत नसे. डाग तेवढा वर राहिला होता.

तो तिचा शेवटचा मेळा. पुढच्या वसंतात ती गेली.

त्यानंतर नॉर्बर्ट दर रविवारी चर्चमधून आला की माझ्याकडे येई. मला सुरू करत नसे. लोरेटाच्या बाजूच्या खुर्चीत बसे, काच खाली करून दाराबाहेरच्या त्या खड्ड्यात तळवा टेकवी, मान मागे टाकून छताकडे बघत राही. आठवड्याच्या सगळ्या बातम्या तो तिला सांगे. त्या छतालाच. तेव्हा मला कळले की मी ज्याची इतकी वर्षे लाज बाळगली, ते माझ्याजवळचे सगळ्यात मोलाचे आहे.

जनीनला यातले काही ठाऊक नव्हते. ती दूरच्या शहरात राहत होती. आपल्या बापाची गाडी खराब झाली आहे, एवढेच तिला दिसे.

एका वसंतात नॉर्बर्ट शिडीवरून पडला आणि त्याचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, मग चालायला शिकवणाऱ्या केंद्रात त्याचा सारा उन्हाळा गेला. जनीन घर सांभाळायला आली आणि तिने ठरवले, डॅड परत येईल तेव्हा त्याला असा आनंदाचा धक्का द्यायचा की तो जन्मभर विसरणार नाही. आमच्याकडे प्रेम असेच करतात. जुनी गाडी गुपचूप पळवतात, नवी करून आणतात, तिच्यावर कापड घालतात आणि सगळ्या गोतावळ्यासमोर ते ओढतात.

डुएन नावाच्या कारागिराकडे मला नेले. चांगला माणूस होता, त्याच्या हाताला मी नाव ठेवणार नाही. पण त्याने माझ्या छताकडे पाहिले आणि नाक मुरडले. "छी! कसला डाग म्हणायचा हा?" आणि एका हिसक्यात सगळे अस्तर खाली ओढले. मित्रांनो, मला हॉर्न होता, पण बॅटरी काढलेली होती. मी एकदाही ओरडू शकले नाही. अस्तर कचऱ्याच्या मोठ्या डब्यात गेले. मग दाराचा खड्डा ठोकून, भरून, घासून सपाट केला. मग माझ्यावर लाल रंग चढला, त्यावर दोन पांढरे पट्टे. आरशात पाहिले तेव्हा मीच मला ओळखले नाही.

सप्टेंबरात नॉर्बर्ट काठी टेकत घरी आला. अंगणात सगळे जमले होते, फोन वर धरून. जनीनचे डोळे आधीच भरले होते. तिने कापड ओढले. टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्लोळ!

नॉर्बर्ट थांबला. मग त्याने काठीसकट दोन्ही हात पाठीमागे नेले आणि सावकाश माझ्याभोवती फिरला. मेळ्यात माणसे हात असे पाठीशी धरतात ते दुसऱ्याच्या गाडीला चुकून बोट लागू नये म्हणून. परक्याच्या गाडीला.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "कोणाची आहे?"

सगळे खदाखदा हसले. त्यांना वाटले, म्हातारा थट्टा करतोय. एकटा चेट हसला नाही.

"तुझीच, डॅड! तुझीच आहे ती!" जनीन त्याच्या गळ्यात पडली. नॉर्बर्टने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिले. "अरे वा," तो म्हणाला. "अरे वा, पोरी."

त्यानंतर तो माझ्याकडे येईना. रविवार आले, गेले. गॅरेजमध्ये मी चकाकत उभी, आणि तो चर्चमधून येऊन थेट घरात शिरे. शेवटी जनीननेच विषय काढला. दोघे माझ्यासमोर उभे होते.

"डॅड, खरं सांग. आवडली नाही ना तुला?"

"छान आहे गं. दुकानात गेल्यासारखं वाटतं."

"मग बसत का नाहीस? आधी तर तासन् तास बसायचास म्हणे, चेटकाका सांगत होता."

नॉर्बर्टने गुळगुळीत दारावर बोट ठेवले. "इथे तुझ्या आईचा राग होता," तो म्हणाला. "आणि आत, वर, तिचं डोकं टेकायचं."

जनीनला हळूहळू उमगत गेले. तिने तोंडावर हात धरला. मग फोन काढून डुएनला लावला, ओरडून विचारले, रडून विचारले. अस्तर केव्हाच कचऱ्याच्या डोंगराखाली गेले होते. ती खाली फरशीवरच बसली. "मी आईला पुसलं, डॅड. मी माझ्या हातांनी..."

"उठ. फरशी गार आहे," नॉर्बर्ट म्हणाला.

हिवाळा आला. आमच्याकडे बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीचे पत्रे खाऊन टाकते. म्हणून माझ्यासारखीला पहिल्या बर्फाआधी आत घेतात आणि वसंताच्या पावसाने रस्ते धुतल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. मी रविवारची झाल्यापासून नॉर्बर्टने हा नियम एकदाही मोडला नव्हता.

उपवास लागण्याच्या आदल्या मंगळवारी बे सिटीतली नॉर्बर्टसारखी सगळी पोलिश वंशाची माणसे पोंच्की, म्हणजे जॅम भरलेले तळलेले गोड गोळे, आणायला बेकरीवर रांगा लावतात. त्या सकाळी गॅरेजचे दार वर गेले. रस्ता मिठाने पांढराफटक झाला होता. नॉर्बर्टने काठी मागच्या खुर्चीवर टाकली आणि मला सुरू केले. माझा विश्वासच बसेना.

जनीन चपला सरकवत बाहेर धावली. "डॅड! वेड लागलं का? मीठ आहे सगळीकडे! कुजून जाईल ती!"

"माहितीये."

"मग?"

"डाग-खड्डे सोसत पन्नास वर्षं लागली तिला आमची व्हायला," नॉर्बर्ट म्हणाला. "परत तेवढी कुठून आणू मी? मीठ जरा घाई करतं. बूट घाल आणि बस."

जनीन बूट घालून आली, आत बसण्याआधी सवयीने बर्फ झटकायला पाय आपटू लागली.

"झटकू नकोस," तो म्हणाला. "तशीच ये."

ती तशीच बसली, आईच्या जागी. बेकरीपर्यंत मिठाचा चिखल माझ्या पोटावर सपासप उडत होता. मी घाबरले होते, खूप घाबरले होते, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच मला कोणीतरी चालवत होते. येताना जनीनने तेलकट पिशवी नव्या खुर्चीवर ठेवली, आणि दोघांपैकी कोणीही ती उचलली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे तुम्हाला सगळे सांगतात. मीही सांगते. पण एखादीला उजळायला घेण्याआधी, तिच्याजवळ रोज येऊन बसणाऱ्या माणसाला एकदा विचारा. माझ्या मागच्या चाकावरच्या पत्र्याला आता गंजाचा एक ठिपका आला आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. नॉर्बर्ट तो रोज बघून जातो. कृपा करून, कोणी तो घासू नका.