बाराव्या वर्षापासून

तुळजाबाईनं लेकीचं डोकं मांडीवर घेऊन कांद्याचा रस चोळायला सुरुवात केली, तोच शेजारीण दारात. आईनं झटकन पोरीच्या डोक्यावर पदर ओढला.

"चाई पडलीय हो, केस गळत्यात आपोआप," ती म्हणाली.

चाई कसली न् काय! तेरा वर्षांची शिवकन्या आपल्याच हातानं एकेक केस उपटत होती. कानामागं तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. बापाला कळू नये म्हणून तुळजाबाईनं तिचे हात सुतळीनं बांधून पाहिले. मनगटं सोलली, उपटणं थांबलं नाही.

बाप राधाकिशन तलवाड्याच्या दूध सोसायटीचा चेअरमन. बहात्तरच्या दुष्काळात गावाचं दूध आटलं, ह्याचा रुबाब तेवढा आटला नाही. साखर कारखान्याचे डायरेक्टर सुंदरराव यांच्या पोरासाठी त्यानं गेल्या वर्षीच लेकीचा शब्द दिला होता. दुष्काळात पोर उजवून टाकलेली बरी, असं सगळा गाव म्हणत होता. गावानं म्हटलं की झालं, मग पोरीला कोण विचारतो!

दुपारी सुंदररावांच्या मंडळी मंजुळाबाई चार बायका घेऊन आल्या. वेणी सोडून पोरीचे केस बघायची त्यांच्याकडची रीत. तुळजाबाईनं खोट्या केसांचं गंगावन घट्ट गुंफलं होतं, पण पेड सुटले आणि गंगावन मंजुळाबाईंच्या हातात आलं.

शिवकन्येनं गुडघ्यात तोंड खुपसलं. दारात उभा राधाकिशन लालबुंद झाला.

"हे काय हाय? कावून लपवलंस?"

"बाहेरचं हाय का काई?" मंजुळाबाई मागं सरकल्या. "कवापासून?"

चाई हा शब्द तुळजाबाईच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात पोरीच्या मनगटावरचे वळ दिसले आणि तिला स्वतःचीच लई लाज वाटली.

"बाराव्या वर्षापासून," ती म्हणाली. "ह्यांनी शब्द दिला, त्याच महिन्यात लागलं. आधी एक केस न्हाई उपटला पोरीनं."

"असं कुठं असतंय व्हय!" मंजुळाबाई म्हणाल्या.

तुळजाबाईनं डोईवरचा पदर काढला, अंबाडा सोडला आणि सगळ्यांसमोर मान खाली वाकवली. टाळूवर रुपयाएवढं टक्कल होतं.

"मलाबी बाराव्या वर्षीच लागलं. माझ्या बापानंबी तवाच लगीन ठरवलंतं. वीस सालं झाकलं, ह्यांनाबी कळू दिलं न्हाई."

राधाकिशननं नजर फिरवली. "झाक ते," तो पुटपुटला.

"न्हाई झाकत. अन् पोरीचं लगीनबी न्हाई करत. उद्या तिला बीडच्या दवाखान्यात नेते. तुमी आलाव तर बरं, न्हाईतर एसटीनं आमी दोघी जातो."

मंजुळाबाई पोह्यांना हात न लावता निघून गेल्या. त्या मायलेकींना कसला रोग होता, असं तलवाड्यात लोक अजून विचारतात. बारा वर्षांच्या लेकरांचे शब्द देऊन टाकणाऱ्यांना कसला रोग होता, हे मात्र कुणीच विचारत नाही.